साखरेच्या नोंदी लोक का सोडतात, आणि अ‍ॅप तपासायचं कसं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऐरोलीत तुम्ही चौघांनी मिळून मधुमेह आणि बीपी असलेल्या लोकांसाठी मराठी अ‍ॅप केलं. साखर, बीपी, गोळ्या, जेवण, पावलं, झोप, वजन असं सगळं त्यात नोंदवता येतं. स्टोअरवर रेटिंग ४.६ आहे. तरीही दोन महिन्यांत बहुतेक जण नोंद करायचं थांबवतात. म्हणून तुम्ही विचारताय की आठवण करून देणारी नोटिफिकेशनं वाढवावीत का, पॉइंट आणि बक्षिसं ठेवावीत का, आणि ठाण्यातल्या डॉक्टरांकडे जाताना अ‍ॅप उपयोगाचं आहे हे दाखवायला कोणती मोजपट्टी वापरावी.

मी ठाण्यात राहते आणि गेली चौदा वर्षं आरोग्याच्या अ‍ॅपची आखणी आणि तपासणी हेच काम करते. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांबरोबर बसून शिकलेलं आहे, आणि तुमच्या अ‍ॅपमधलं औषधाविषयीचं प्रत्येक वाक्य तुम्हीही डॉक्टरांकडून तपासूनच घ्या.

लोकांनी नोंदी चालू ठेवाव्यात म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, नोंद केल्यावर त्या माणसाच्या हातात काय पडतं, हा खरा प्रश्न आहे. सकाळी बोट टोचलं, १६८ आले, ते अ‍ॅपमध्ये भरले. पुढे काय? त्या आकड्यामुळे दिवसातली एखादी गोष्ट वेगळी करायची हे कळलं, तर तो माणूस उद्याही भरेल. काहीच कळलं नाही, तर ती नुसती हजेरी होते, आणि रोज हजेरी देण्याचा कंटाळा कोणालाही येतो.

आता हे माणसामाणसावर अवलंबून आहे, आणि किती अवलंबून आहे ते आधी सांगायला हवं. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाआधीचा आकडा रोज लागतो, कारण त्याचा पुढचा निर्णय त्यावर ठरतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली नेऊ शकणारी गोळी घेणाऱ्याला रोज नाही, पण चक्कर आली, जेवण चुकलं, ताप आला तर लागतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि साखर स्थिर असलेल्या माणसाला रोज बोट टोचून फारसं काही मिळत नाही. किती वेळा तपासायचं ते त्याचे डॉक्टर सांगतील, आणि बऱ्याचदा ते कमीच असतं. शिवाय प्रत्येक पट्टीला पैसे पडतात. या तिसऱ्या माणसानं दोन महिन्यांनी तुमचं अ‍ॅप उघडणं बंद केलं, तर त्यानं काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. तुमच्या यादीत या तीन प्रकारचे लोक किती किती आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या प्रश्नात तसा उल्लेख नव्हता. माहीत नसेल, तर 'बहुतेक जण सोडतात' या वाक्यातून अजून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ साली इंटरनेटवरच्या आरोग्यसेवांमधल्या या गळतीवर लिहिलं होतं. अशा सेवा लोक मोठ्या संख्येनं सोडतात, ती गळती लपवू नका, तिचाच अभ्यास करा, असा त्यांचा आग्रह होता. सोडणाऱ्यांपैकी काहींचं काम झालेलं असतं आणि काही जण कंटाळलेले असतात. आलेखात मात्र दोघांची रेघ एकसारखीच खाली येते.

एक प्रसंग सांगते. बरीच वर्षं झाली. नौपाड्यातल्या एका काकूंच्या घरी मी आमचं अ‍ॅप घेऊन बसले होते. पासष्टीच्या होत्या, इन्सुलिन दिवसातून दोनदा. अ‍ॅप त्यांना आवडलं, तसं त्या दोन-तीनदा म्हणाल्याही. निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीनं दोन आकडे लिहिलेले. वर सकाळचा, खाली रात्रीचा. मध्येच एखाद्या चौकोनात 'लग्न', 'पाय दुखला', 'गोळी संपली'. महिना संपला की ते पान दुमडून त्या डॉक्टरांकडे न्यायच्या.

मी त्या पानाचा फोटो घेतला आणि परत आल्यावर कितीतरी वेळ तो बघत बसले. आमच्या अ‍ॅपमध्ये एक आकडा भरायला सात वेळा बोट लावावं लागत होतं, इथे पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली. आमच्या आलेखात नुसती तारीख होती, कॅलेंडरवर तिथी होती. एकादशी, चतुर्थी, नवरात्र सगळं छापलेलं. त्यामुळे उपवासाच्या दिवशी रात्रीचा आकडा का चढला, हे त्यांना आणि डॉक्टरांना एका नजरेत दिसायचं: साबुदाणा. आणि निर्जळी केली त्या दिवशी दुपारी घाम का फुटला, तेही. आमचा रंगीत आलेख हे सांगू शकत नव्हता. त्या दिवसापासून नवीन काम घेतलं की मी आधी त्या घरातला कागद शोधते. वहीची मागची पानं, केमिस्टच्या बिलाची पाठ, रिपोर्टच्या फाइलीवर लिहिलेलं. माणूस स्वतःसाठी जे लिहितो, त्यात त्याला कशाचा उपयोग होतो ते आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या अ‍ॅपमध्ये सात प्रकारच्या नोंदी आहेत. माझ्या अनुभवात दोन पुरतात, फार तर तीन. भारतात उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली पाच राज्यांत सुरू झाला, त्यात आपलं महाराष्ट्र होतं. त्यात परिचारिकांसाठी 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरलं गेलं. ते रुग्णाचं अ‍ॅप नाही, त्यामुळे तुलना पूर्ण लागू नाही, पण त्याचा आटोपशीरपणा बघण्यासारखा आहे. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, बीपी भरायचं, गोळ्या तपासायच्या, पुढची तारीख द्यायची. ओपीडीत रांग लागलेली असताना एवढंच होऊ शकतं, हे मान्य करून ते बांधलंय. घरी रांग नसते. पण डबा असतो, नळाला येणारं पाणी असतं, सातच्या आतली लोकल असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या प्रश्नात नाही म्हणून जास्त काळजीनं लिहिते. अ‍ॅप आवडतं का, वापरलं जातं का, याच्याही आधी ते कोणाला इजा तर करणार नाही ना, हे तपासायचं असतं.

आमच्याच एका जुन्या आवृत्तीत साखर कालच्यापेक्षा कमी आली की हिरवी खूण आणि 'छान प्रगती' असं यायचं. चाचणीत एका काकांनी ६२ भरले. हिरवी खूण आली. ते खूश झाले. ७० च्या खाली साखर गेली की तातडीनं काहीतरी गोड घ्यायचं असतं, आणि ५४ च्या खाली ती गंभीर असते. आम्ही त्या माणसाला शाबासकी देत होतो. ते समोर बसलेले होते, बरोबर डॉक्टर होते, म्हणून निभावलं. एकटे असते तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. त्यामुळे तुमच्या अ‍ॅपमध्ये '७० पेक्षा कमी' हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात साधा स्क्रीन असला पाहिजे. त्या वेळी हात थरथरत असतो, नजर नीट लागत नसते, कदाचित रात्रीचे तीन वाजलेले असतात. मोठी अक्षरं, एक सूचना: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. तिथे पेढा किंवा चॉकलेट लिहू नका. आपल्याकडे घरचे मायेनं पेढाच पुढे करतात, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा, हे घरच्यांसाठी वेगळं आणि ठळक लिहा.

आकडा भरण्याच्या चौकटीकडेही असंच बघा. ग्लुकोमीटरवर ११२ आले आणि बोट घसरून १११२ गेले, तर तुमचं अ‍ॅप काय करतं? १२ भरले तर? नातेवाइकानं परदेशातून आणलेलं मीटर कधीकधी दुसऱ्या एककात (मिलिमोलमध्ये) आकडा दाखवतं. तिथल्या ७ ला १८ नं गुणलं की आपले १२६ होतात. २०१५ साली इन्सुलिनची मात्रा काढून देणाऱ्या ४६ अ‍ॅपची तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या ४२ अ‍ॅपमध्ये भरलेला आकडा शक्य आहे की नाही याची तपासणीच नव्हती, आणि दोनतृतीयांश अ‍ॅपमधून चुकीची मात्रा सुचवली जाण्याचा धोका होता. ही अ‍ॅप स्टोअरवर होती, लोकांच्या फोनमध्ये होती. तुम्ही मात्रा सुचवत नाही हे चांगलं केलंत. पुढेमागे तसा विचार आला तर एक लक्षात ठेवा: १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअरही येतं. नोंद ठेवणं वेगळं आणि उपचार सुचवणं वेगळं. ती रेघ ओलांडण्याआधी या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्या.

भाषेबद्दल. तुमचं अ‍ॅप मराठीत आहे म्हणजे सोपं आहे, असं धरून चालू नका. 'फास्टिंग शुगर'चं भाषांतर एका अ‍ॅपमध्ये 'उपवासाची साखर' असं झालेलं मी बघितलंय. वर्तकनगरच्या एक मावशी ती फक्त चतुर्थीला तपासायच्या, तीही साबुदाण्याची खिचडी खाऊन. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं. आपला शब्द 'उपाशीपोटी' आहे. 'रक्तशर्करा' कोणी बोलत नाही, साखर किंवा शुगर म्हणतात. 'जेवणानंतर दोन तास' हे पहिल्या घासापासून मोजायचं की हात धुतल्यापासून? पहिल्या घासापासून, पण हे लिहिल्याशिवाय कोणाला कळणार? आकड्यांचंही तेच. कॅलेंडरवरचे देवनागरी अंक मोठ्या माणसांच्या सवयीचे असतात, पण मीटरवर आणि बीपीच्या मशीनवर इंग्रजी अंक असतात. मशीनवरून बघून फोनमध्ये उतरवताना दोन्हीकडे अंक एकसारखे दिसले पाहिजेत, नाहीतर मनातल्या मनात भाषांतर करताना चूक होते. म्हणून मी नोंदीच्या चौकटीत मशीनसारखेच अंक ठेवते आणि बाकी मजकूर मराठीत.

बीपीच्या बाबतीत मोजण्याची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे माणसं जमिनीवर मांडी घालून बसतात, मशीन पुढ्यात जमिनीवर, हात खाली. हात हृदयाच्या पातळीच्या खाली असला की बीपी जास्त येतं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, हात टेबलावर, आधी पाच मिनिटं शांत बसून, मध्ये न बोलता, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. हे सगळं मदतीच्या पानात लिहून उपयोग नाही, ते पान कोणी उघडत नाही. 'बीपी भरा' वर बोट लावलं की एक चित्र आणि पाच मिनिटांचं घड्याळ. ज्याला घाई आहे तो पुढे जाईल, पण घाईत मोजलंय ही नोंद राहील, आणि तीही डॉक्टरांना कामाची असते.

थोडं थांबून आतापर्यंतचं जोडून घेते. कोणासाठी अ‍ॅप आहे ते वेगळं करा, प्रत्येकाला आकड्यानंतर काय करायचं ते द्या, नोंदी कमी करा, धोक्याचे आकडे आणि चुकीचे आकडे आधी हाताळा, शब्द घरातले वापरा. हे झालं की मग मोजायला घ्या.

मोजमापाची सुरुवात तुमच्या ४.६ पासून करू. त्या आकड्यावर विसंबू नका. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक अ‍ॅप अमेरिकेत २०१४ ते २०१५ या काळात खूप विकलं गेलं. पट्टा नाही, फोन छातीवर धरायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, बीपी हजर. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा ज्यांचं बीपी खरोखर जास्त होतं अशा दर पाचांतल्या जवळजवळ चौघांना अ‍ॅप बीपी जास्त नाही असं सांगत होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कंपनीवरचं प्रकरण तडजोडीनं मिटवलं. पण मला शिकवणारा भाग पुढचा आहे. २०१८ साली त्या संशोधकांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना हे अ‍ॅप वापरायला देऊन अनुभव विचारला होता. बहुतेकांना ते आवडलं, बहुतेकांना ते अचूकही वाटलं. ज्यांना आपल्या अंदाजापेक्षा जास्त बीपी दिसलं, त्यांना मात्र ते कमी आवडलं आणि पुन्हा मोजण्याचा उत्साहही त्यांच्यात कमी होता. म्हणजे नको तो आकडा खरा दाखवणाऱ्या अ‍ॅपला तारे कमीही मिळू शकतात. तुमचं रेटिंग उद्या ४.२ झालं आणि कारण तुम्ही वाढलेली साखर स्पष्ट सांगायला लागलात हे असेल, तर मी ते चांगलं लक्षण मानेन.

प्रश्नावल्यांपैकी दोन तुम्ही ऐकल्या असतील. एक जॉन ब्रुक यांनी १९८६ साली केलेली सिस्टिम युजेबिलिटी स्केल. दहा विधानं, शेवटी शून्य ते शंभर गुण. सरासरी ६८ च्या आसपास असते, त्यामुळे ७० मिळाले तर डिस्टिंक्शन समजू नका, जेमतेम सरासरी आहे. दुसरी मोबाइल अ‍ॅप रेटिंग स्केल, म्हणजे मार्स, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०१५ साली केलेली, २३ बाबींची. तिच्यात अ‍ॅप किती गुंतवून ठेवतं, चालतं कसं, दिसतं कसं आणि माहितीचा दर्जा कसा आहे, असं वेगवेगळं बघतात. मार्स मुळात प्रशिक्षित तपासनीसांसाठी आहे, सामान्य वापरकर्त्यांसाठी तिची वेगळी सोपी आवृत्ती आहे. दोन्ही कामाच्या आहेत, पण काय सांगतात ते ओळखून वापरा. पहिली सांगते वापरायला सोपं वाटलं का. दुसरी सांगते अ‍ॅप नीट बांधलंय का. साखर आटोक्यात आली का, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडची. ब्रुक यांच्या यादीत एक विधान सरळ आणि पुढचं उलटं असतं. आपल्या आजी-आजोबांना ते वाचून दाखवलं की ते दोन्हींना 'हो हो, बरोबर' म्हणतात. तुम्ही घरी आलात, मेहनत घेतलीत, चहा झाला, मग नाही कसं म्हणायचं? त्या गुणांवर माझा विश्वास बसत नाही. वयस्कर लोकांबरोबर मी प्रश्न विचारत नाही, काम देते. 'आज सकाळची साखर भरा.' 'काल रात्रीची भरायची राहिली होती, ती भरा.' 'डॉक्टरांनी विचारलं की गेल्या महिन्यात साखर खाली कधी गेली, तर काय दाखवाल?' आणि मग गप्प बसायचं. मदत करायला हात पुढे जातो, तो आवरायचा. कुठे बोट थांबलं, कुठे मुलाला हाक मारली, कुठे चष्मा शोधला, ते लिहायचं.

हे ऐरोलीच्या एसी ऑफिसात करू नका. त्यांच्या घरी जा, त्यांच्या फोनवर करा, सकाळी सात वाजता करा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं पाच माणसांत ८५ टक्के अडचणी सापडतात हे गणित तुम्हाला माहीत असेल, पण ती पाच माणसं एका प्रकारची असावी लागतात. तुम्हाला इन्सुलिनवाले पाच हवेत, गोळ्यांवरचे पाच हवेत, आणि तिसरे पाच आपण नेहमी विसरतो: सांभाळणारे. किसननगरमध्ये सासूबाईंची साखर तपासून भरणारी सून, किंवा पुण्यातून आईच्या आकड्यांवर लक्ष ठेवणारा मुलगा. बऱ्याच घरांत अ‍ॅपचा खरा वापरकर्ता हाच असतो, आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये त्याच्यासाठी जागाच नाही असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता 'उपयोग होतो' हे डॉक्टरांना पटवण्याबद्दल. तुमचा विचार असा दिसतोय की अ‍ॅप घेतल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीचा आकडा कमी झालेला दाखवायचा. यात फसगत कुठे होते ते सांगते. माणूस अ‍ॅप कधी घेतो? रिपोर्ट वाईट आल्यावर. त्याच आठवड्यात डॉक्टर गोळी वाढवतात, घरात गोड बंद होतं, तो उपवनला चालायला जायला लागतो. तीन महिन्यांनी आकडा खाली येतोच, अ‍ॅप असो वा नसो. शिवाय फार वाईट आलेला कुठलाही आकडा पुढच्या खेपेला आपोआपच थोडा सरासरीकडे येतो. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट लागतो. सगळ्यात न्याय्य पद्धत अशी: ज्यांना अ‍ॅप हवंय त्यांतल्या निम्म्यांना, चिठ्ठी टाकून, आज द्या आणि उरलेल्यांना तीन महिन्यांनी. मधल्या काळात दोन्ही गटांचे उपचार नेहमीसारखे चालू. एचबीएवनसी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्याभरात ते मोजून काही सिद्ध होत नाही. आणि हे रुग्णांवरचं संशोधन आहे, त्यामुळे आधी नैतिकता समितीची परवानगी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद. चौघांच्या टीमला हे जड वाटेल, म्हणून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला जोडून घ्या. तोवर डॉक्टरांना खोटी खात्री देऊ नका. 'वीस घरांत बघितलं, नोंद अशी होते, चुका अशा होतात, या दुरुस्त केल्या' एवढं प्रामाणिकपणे दाखवलंत तरी चांगला डॉक्टर ऐकून घेतो.

पॉइंट आणि बक्षिसांना माझा स्पष्ट विरोध आहे. सलग तीस दिवस भरलं तर पदक, असं केलं की माणूस आजारी पडतो त्या दिवशी साखळी तुटते, आणि नेमका त्याच दिवसाचा आकडा सगळ्यात गरजेचा असतो. दुसरं, लोक मग आकडे बनवायला लागतात. एका आजोबांच्या नोंदीत तीन आठवडे ११०, १२०, ११०, ११५ असंच चाललं होतं. त्यांना नातवासमोर पदक दाखवायचं होतं. हे ओळखायला सोपी युक्ती आहे: शेवटचा अंक बघा. खऱ्या मोजणीत शून्य ते नऊ सगळे अंक साधारण सारख्याच प्रमाणात येतात. शून्य आणि पाचचीच गर्दी दिसली तर तुमच्याकडे साखर नाही, अंदाज साठलेत. आज रात्रीच तुमच्या डेटावर हे करून बघा.

नोटिफिकेशन एखादं ठीक आहे, पण घड्याळाला न बांधता सवयीला बांधा. 'आठ वाजता' यापेक्षा 'पहिल्या चहाआधी' जास्त चालतं. आणि लॉक स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. घोडबंदरच्या एका मुलीनं मला सांगितलं होतं की ऑफिसात कोणालाही तिच्या मधुमेहाबद्दल माहीत नव्हतं, फोन टेबलावर होता आणि 'इन्सुलिनची वेळ झाली' असं झळकलं. तिनं त्याच क्षणी अ‍ॅप काढून टाकलं. तुमच्या आकडेवारीत ती 'कंटाळून सोडलेली' म्हणून मोजली गेली असती. 'वेळ झाली' एवढंच पुरतं. संमतीच्या पानाचंही गांभीर्य तेवढंच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय हवा आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. मराठी त्या अनुसूचीत आहे. वकिली इंग्रजीतली बारा पानं जोडून तुम्ही मोकळे होत नाही.

डॉक्टरांसाठी वेगळं डॅशबोर्ड करताय असं तुम्ही लिहिलंय. मी त्यावर वेळ घालवणार नाही. गर्दीच्या ओपीडीत नवीन लॉगिन कोणी करत नाही. एका पानाचा कागद द्या, छापता येईल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल असा. मागचे दोन आठवडे, उपाशीपोटीचा एक रकाना, जेवणानंतरचा एक, ७० च्या खालचे आकडे गोल करून, चुकलेल्या गोळ्या, आणि शेजारी तिथी किंवा त्या माणसाचे स्वतःचे दोन शब्द. नौपाड्याच्या काकूंचं पान मला अजून यापेक्षा चांगलं करता आलेलं नाही.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर नवीन काही बांधू नका. सोडून गेलेल्यांपैकी ज्यांनी संपर्काला परवानगी दिली होती, अशा दहा जणांना या आठवड्यात फोन करा. तुम्ही स्वतः करा, दुसऱ्याला सांगू नका. 'अ‍ॅप का सोडलंत' असं विचारलंत तर ते ओशाळतील आणि 'वेळच मिळत नाही हो' म्हणून विषय संपवतील. त्यांना विचारा, 'आता साखर कुठे लिहिता?' जे 'कुठेच नाही' म्हणतील त्यांना विचारा की शेवटची कधी तपासली आणि तेव्हा काय केलं. जे 'वहीत' म्हणतील त्यांना त्या पानाचा फोटो मागा. त्या फोटोंवर नावं झाकून ते पाठवलेत तर मी तुमच्याबरोबर बसून बघायला तयार आहे, शनिवारी दुपारी वागळे इस्टेटला असते.